घरच्या साठ्यातून टोमॅटो सॉस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोमॅटोचा डबा, तेल, कांदा किंवा लसूण, मीठ. एवढ्यावर होणाऱ्या सॉसबद्दल इतके प्रश्न येतात की ते एकदाच एका जागी लिहून ठेवलेले बरे. सुरुवातीचे प्रश्न पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी आहेत, पुढचे बिघडल्यावर येणारे. वाचताना एक ध्यानात ठेवा: डब्यातला टोमॅटो कारखान्यात आधीच तापलेला असतो. तुम्हाला दोनच कामं करायची आहेत, त्यातलं जास्तीचं पाणी उडवायचं आणि कांदा-लसणाची चव तेलात उतरवायची. बहुतेक तक्रारी या दोहोंपैकी एक अर्धवट राहिल्यामुळे येतात.

१. घरात नेमकं काय काय हवं?

८०० ग्रॅम डबाबंद टोमॅटो (४०० ग्रॅमचे दोन डबे), पाव कप तेल, एक मध्यम कांदा किंवा लसणाच्या तीन-चार पाकळ्या, मीठ, आणि अर्धा चमचा वाळलेलं ओरेगॅनो किंवा बेसिल. चिली फ्लेक्स चिमूटभर, आवडत असेल तर. यातून अडीच-तीन कप सॉस होतो, म्हणजे साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कोरड्या पास्त्याला पुरेल इतका. कांदा आणि लसूण दोन्ही घातले तरी हरकत नाही, पण एकच घालून पाहा. चव जास्त स्वच्छ लागते.

२. बाटलीतलं केचप पातळ करून वापरलं तर?

नको. केचपमध्ये व्हिनेगर आणि भरपूर साखर असते. गरम केलं की दोन्ही आणखी पुढे येतात आणि पास्ता आंबटगोड होतो. टोमॅटोचा डबा नसेल तर प्रश्न ५ आणि ६ पाहा, केचपपेक्षा दोन्ही मार्ग बरे.

३. कृती थोडक्यात सांगा.

जाड बुडाच्या पसरट भांड्यात तेल घ्या. कांदा बारीक चिरून, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर तो मऊ आणि पारदर्शक होईपर्यंत परता. याला आठ-दहा मिनिटं लागतात. लसूण असेल तर तो कांदा मऊ झाल्यावर घाला आणि मिनिटभर परता. टोमॅटो हाताने किंवा पळीने मोडून घाला. रिकाम्या डब्यात पाव कप पाणी घालून विसळा आणि तेही ओता. अर्धा चमचा मीठ आणि वाळलेली पानं घाला. एक उकळी आली की आच कमी करा आणि झाकण न ठेवता २५-३० मिनिटं शिजू द्या. अधूनमधून बुडापासून ढवळा. कडेला तेल दिसू लागलं आणि पळीने बुडाशी रेघ ओढल्यावर ती क्षणभर तशीच राहिली की सॉस झाला. शेवटी चाखून मीठ नीट करा.

४. अख्खे, चिरलेले, कुस्करलेले, प्युरी… कोणता डबा घ्यायचा?

अख्खे सोललेले. पुष्कळदा चिरलेल्या टोमॅटोच्या डब्यात कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. त्यामुळे फोडींचा आकार टिकतो, आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं: तासभर शिजवल्या तरी त्या फोडी नीट मोडत नाहीत. सॉस गुठळ्यागुठळ्यांचा आणि भोवती पाणी, असं होत असेल तर डब्याच्या मागची घटकांची यादी वाचा. असा डबा घरात आलाच असेल तर शिजल्यावर मिक्सरमध्ये जरा फिरवा (आधी प्रश्न १५ वाचा).

कुस्करलेले टोमॅटोही चांगले. प्युरी चालते, पण ती एकसारखी गुळगुळीत असते आणि जास्त वेळ तापवलेली असल्यामुळे ताजेपणा कमी लागतो. डब्यात मीठ आधीच आहे का, तेही पाहून घ्या. असेल तर सुरुवातीचं मीठ वगळा.

५. घरात फक्त टोमॅटो पेस्ट आहे. तिचा सॉस होतो का?

होतो, आणि वाटतं त्यापेक्षा चांगला होतो. एक भाग पेस्टला दोन भाग पाणी हे प्रमाण धरा. मात्र पेस्ट पाण्यात कालवून भांड्यात ओतू नका. कांदा मऊ झाला की पेस्ट थेट तेलात घाला आणि दोन-तीन मिनिटं सतत हलवत परता. तिचा भडक लाल रंग विटकरी झाला आणि कच्चा, डब्याचा वास गेला की थोडं थोडं पाणी घालत मोकळी करा. मग दहा-पंधरा मिनिटं पुरतात, कारण पाणी उडवण्याचं काम कारखान्यातच झालेलं असतं. उरलेली पेस्ट चमच्या-चमच्याने बटर पेपरवर ठेवून फ्रीजरमध्ये घट्ट करा आणि पिशवीत भरून ठेवा.

६. ताजे टोमॅटो वापरले तर जास्त चांगला सॉस होईल ना?

हंगामातले, पूर्ण पिकलेले, गरवाळ टोमॅटो असतील तर नक्की. एरवी डबाच बरा, कारण त्यासाठीचे टोमॅटो पिकल्यावर तोडून लगेच भरलेले असतात. कच्चट, फिक्या टोमॅटोची कसर कोणतीही युक्ती भरून काढत नाही.

८०० ग्रॅमच्या डब्याऐवजी साधारण सव्वा किलो ताजे टोमॅटो घ्या. साल काढण्यासाठी बुडाला फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवा, लगेच गार पाण्यात टाका. साल हाताने निघते. याहून सोपं म्हणजे टोमॅटो आडवा अर्धा कापून किसणीवर किसायचा. गर खाली पडतो, साल हातात राहते. ताज्या टोमॅटोत पाणी जास्त असल्यामुळे दहा-पंधरा मिनिटं जास्त धरा. बियांभोवतीचा गर मात्र फेकू नका. चवीला खोली देणारं ग्लुटामेट सगळ्यात जास्त त्या गरातच असतं.

७. अर्धा तास शिजवूनही कांदा कचकच लागतो. का?

कारण टोमॅटो लवकर पडला. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट द्रवात सहज विरघळत नाही. एकदा टोमॅटो पडला की अर्धाकच्चा कांदा जवळजवळ तसाच राहतो, मग कितीही रटरटू द्या. म्हणून कांदा आधी पूर्ण मऊ व्हायलाच हवा. सुरुवातीला घातलेलं मीठ इथे मदत करतं: कांद्याचं पाणी सुटतं आणि तो लाल न होता मऊ पडतो. गाजर घालणार असाल तर त्यालाही हाच नियम.

बीन्सबद्दलचा नेहमीचा प्रश्नही इथेच मिटतो. भिजवलेले कच्चे बीन्स सॉसमध्ये घालून शिजवायला ठेवले तर ते चिवट राहतात. आधी साध्या पाण्यात पूर्ण मऊ करा, मग सॉसमध्ये सोडा.

८. लसूण दर वेळी करपतो.

कांदा न घालता नुसता लसूण घेत असाल तर तो तापलेल्या तेलात घालू नका. गार तेलात लसणाचे काप घाला आणि दोन्ही एकत्र मंद आचेवर तापू द्या. कापांभोवती बुडबुडे येऊन वास सुटला आणि कडा किंचित सोनेरी दिसल्या की लगेच टोमॅटो घाला, त्यातल्या पाण्याने तापमान खाली येतं. तपकिरी झालेला लसूण मात्र कडू होतो आणि तो कडवटपणा तेलात उतरतो. तेव्हा काप वेचून काढण्यात वेळ घालवू नका, तेलासकट टाकून पुन्हा सुरुवात करा. लसूण संपला असेल तर पाव चमचा लसूण पावडर साधारण दोन पाकळ्यांचं काम करते. ती तेलात लगेच जळते, म्हणून टोमॅटोबरोबर घाला.

९. पाव कप तेल फारच झालं! कमी केलं तर?

दोन मोठे चमचे एवढ्यापर्यंत कमी करता येईल. त्याखाली सॉस टोमॅटोच्या सूपसारखा लागू लागतो. लसूण, पानं, मिरची यांचे सुगंधी घटक बरेचसे तेलात उतरतात आणि तेलाबरोबरच जिभेवर पसरतात. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपिनही स्निग्धात विरघळतं, आणि शिजवलेल्या टोमॅटोतून, तेलाबरोबर, ते शरीराला जास्त सहज मिळतं. म्हणून तेल इथे नुसतं बुड चिकटू नये म्हणून नाही.

ऑलिव्ह तेल उत्तम. सूर्यफुलासारखं बिनवासाचं तेलही चालतं, उग्र वासाचं टाळा. तेलाऐवजी लोणी वापरलं तर सॉस गोलसर, सौम्य होतो. अगदी आळशी दिवशी मी ८०० ग्रॅम टोमॅटोत पाच मोठे चमचे लोणी आणि अर्धा कापलेला कांदा टाकून पाऊण तास मंद ठेवते आणि शेवटी कांदा काढून टाकते. चिरणं नाही, परतणं नाही, आणि पाहुण्यांना पत्ताही लागत नाही.

१०. वाळलेली पानं कधी घालायची आणि ताजी कधी?

वाळलेली टोमॅटोबरोबर, म्हणजे त्यांना फुलायला वेळ मिळतो. ताजी बेसिलची पानं गॅस बंद करताना. अर्धा तास शिजवली की ती काळी पडतात आणि सुगंध वाफेबरोबर जातो. एकाऐवजी दुसरं वापरताना एक भाग वाळलेली म्हणजे तीन भाग ताजी. वाळलेलं बेसिल मला फारसं पटत नाही, ओरेगॅनो वाळल्यावरही आपला गुण राखतं. बरणी उघडल्यावर वासच आला नाही तर जास्त घालूनही उपयोग नाही.

११. जितका जास्त वेळ शिजवू तितका चांगला, हे खरं का?

वेगळा होतो, चांगलाच होतो असं नाही. २५-३० मिनिटांचा सॉस ताजा, चुरचुरीत लागतो. दीड-दोन तासांनी तो गडद, गोडसर आणि जड होतो. मांस घालून केलेल्या सॉसला दुसरा प्रकार शोभतो. नुसत्या टोमॅटोच्या सॉसला पहिला पुरे. मधलं एक तासाचं शिजवणं मला दोन्हीकडून अपुरं वाटतं: ताजेपणा गेलेला असतो आणि खोली आलेली नसते.

दुप्पट प्रमाण केलं तर वेळही वाढतो. पाणी फक्त वरच्या पृष्ठभागावरून उडतं, म्हणून उंच पातेल्यापेक्षा पसरट कढई घ्या.

१२. सॉस आंबट झाला. साखर घालू का?

आधी मीठ तपासा. मीठ कमी असलं की आंबटपणा टोचतो, आणि पुष्कळदा दोन चिमटी मिठानेच काम होतं. मग चमचाभर लोणी किंवा तेल घालून पाहा. तरीही आंबट वाटला तर साखर आणि सोडा हे दोन उपाय उरतात, आणि त्यांची कामं वेगळी आहेत. साखरेने आम्ल कमी होत नाही, जिभेला ते कमी जाणवतं, इतकंच. अर्ध्या चमच्याच्या पुढे जाऊ नका. खाण्याचा सोडा खरोखर आम्ल मारतो. ८०० ग्रॅमला पाव चमच्याहून कमीच घ्या, चिमटीचिमटीने घाला, फेस येईल तो बसू द्या, चाखा, मगच पुढची चिमूट. जास्त झाला तर सॉस साबणासारखा लागतो आणि मग परतीची वाट नाही. सोड्यात सोडियम असतं, त्यामुळे मीठ शेवटी पुन्हा चाखून ठरवा.

१३. सगळं बरोबर करूनही चव सपाट लागते.

मीठ ठीक असेल तर बहुधा अजून पाणी उडायचं आहे. पाच मिनिटं जास्त द्या. एवढ्यावर भागलं नाही तर चमचाभर टोमॅटो पेस्ट तेलात परतून घाला, किंवा एक छोटा चमचा सोया सॉस, किंवा जुन्या चीजचं कडक साल शिजताना टाकून शेवटी काढा. तिन्ही एकदम नको. आणि अगदी शेवटी कच्च्या ऑलिव्ह तेलाची धार, ती कधीच वाया जात नाही.

१४. ताटात वाढल्यावर सॉस एकीकडे आणि पाणी एकीकडे. काय करू?

सॉस कमी आटला, किंवा पास्ता कोरडा राहिला आणि त्यावर तो नुसता ओतला. कॉर्नफ्लोअर लावून घट्ट करू नका, चकाकी येते आणि चव बोथट होते. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या मिनिटभर आधी काढा, सॉसच्या कढईत टाका, त्यात पास्त्याचं पाऊण कप पाणी घाला आणि मोठ्या आचेवर हलवत राहा. त्या पाण्यातला स्टार्च तेल आणि टोमॅटोचा रस एकजीव करतो. सॉस पास्त्याला चिकटला की थांबा. पास्त्याचं पाणी गाळायच्या आधी कपभर बाजूला काढायला बहुतेक जण विसरतात, म्हणून कप चाळणीतच ठेवून द्या.

१५. मिक्सरमधून काढल्यावर सॉसचा लाल रंग गेला, केशरी झाला!

हवेचे बारीक बुडबुडे आणि फुटून मिसळलेलं तेल, या दोहोंमुळे रंग फिका दिसतो. सॉस बिघडलेला नाही. थोडा वेळ मंद आचेवर ठेवला की बुडबुडे जातात आणि रंग बराचसा परततो. रंग हवाच असेल तर टोमॅटो तेलात घालायच्या आधी वाटा, किंवा शिजल्यावर पळीने घोटा. गरम सॉस मिक्सरमध्ये घालताना भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकणाची मधली टोपी काढून वर फडकं धरा. कोंडलेली वाफ झाकण उडवते.

१६. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात केला तर?

टोमॅटोच्या आम्लाची दोन्ही धातूंवर क्रिया होते. चव धातूसारखी येते, लोखंडी कढईवर वापरून वापरून बसलेला तेलाचा थरही निघतो. स्टील, इनॅमल किंवा नॉनस्टिक वापरा.

१७. बुडाला लागला. वाचवता येईल का?

येईल, ढवळला नसेल तर. गॅस बंद करा, वरचा सॉस अलगद दुसऱ्या भांड्यात ओता, बुड खरवडू नका. करपल्याचा वास ओतलेल्या सॉसलाही येत असेल तर नाइलाज आहे.

खारट झाला असेल तर बिनमिठाचे टोमॅटो वाढवणं हाच खरा उपाय. बटाटा टाकून काढल्याने मीठ निवडून शोषलं जात नाही, बटाटा थोडा खारट रस पितो इतकंच.

१८. दूध घातलं की फाटतं. क्रीमी सॉस कसा करायचा?

दुधाऐवजी जास्त स्निग्ध क्रीम घ्या. स्निग्धता जास्त असली की आम्ल आणि उष्णता ती जास्त सोसते. सॉस पूर्ण आटवून आच अगदी कमी करा, क्रीममध्ये दोन पळ्या गरम सॉस कालवा आणि मग ते मिश्रण भांड्यात सोडा. नंतर उकळी आणू नका. घरात फक्त दूधच असेल तर आधी चिमूटभर सोडा (प्रश्न १२).

१९. वाइन घातली तर अल्कोहोल पूर्ण उडून जातं ना?

नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांनुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावर साधारण ३५ टक्के अल्कोहोल उरतं, तासाभराने २५ टक्के. ज्यांना अजिबात चालत नाही, त्यांच्यासाठी वाइन वगळाच. तिच्यावाचून सॉसचं काही अडत नाही.

२०. कांदा-लसूण दोन्ही चालत नाहीत. मग?

अगदी बारीक चिरलेलं गाजर तेलात सावकाश मऊ करा, त्याने गोडी येते. ओरेगॅनो आणि एक तमालपत्र घाला. लसणाची चव चालते पण पोटाला तो सोसत नाही, अशांसाठी एक सोय आहे: त्रास देणारे फ्रुक्टन (लसणातले एक प्रकारचे कर्बोदक) पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून पाकळ्या तेलात मंद तळून, टोमॅटो घालायच्या आधी सगळ्या काढून टाका. असं लसणीचं तेल करून बाहेर ठेवू नका, कारण प्रश्न २४ मध्ये आहे.

२१. प्रेशर कुकरमध्ये लवकर होईल का?

शिजेल लवकर, आटणार नाही. बंद कुकरमधून पाणी फारसं बाहेर जात नाही, त्यामुळे झाकण उघडल्यावर आटवावाच लागतो. त्यातून दाट टोमॅटो बुडाला लागायची भीती. या सॉससाठी कुकर काढण्याचं कारण मला दिसत नाही.

२२. हाच सॉस पिझ्झ्यावर चालेल?

चालेल, जास्त आटवून. पण पिझ्झ्याचा सॉस शिजवायलाच हवा असं नाही. अख्खे टोमॅटो गाळून, हाताने कुस्करून, मीठ आणि थोडं तेल घातलं की झालं. भट्टीत तो शिजतोच.

२३. किती दिवस टिकतो?

फ्रीजमध्ये झाकलेल्या काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात तीन-चार दिवस. करून झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच. मोठं पातेलं तसंच ठेवलं तर मध्यभाग फार वेळ गरम राहतो, म्हणून उथळ डब्यांत वाटून घ्या. फ्रीजरमध्ये तीन-चार महिने चव चांगली राहते. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सॉस फुगतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेले छोटे तुकडे एकट्यासाठी करताना फार कामाला येतात.

२४. गरम गरम बरणीत भरून, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवला तर?

यावर माझं उत्तर ठाम नाही असंच आहे, आणि ‘आम्ही नेहमी ठेवतो’ या पत्रांनी ते बदललेलं नाही. प्रश्न बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूचा आहे. त्याचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, हवा नसलेल्या जागी ते वाढतात, आणि त्यांच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त. ४.६ पेक्षा कमी पीएच असेल तर ते वाढत नाहीत. टोमॅटो नेमका या सीमेवर असतो, काही जातींचा पीएच ४.६ च्या वर जातो. त्यात कांदा, लसूण, गाजर घातलं की आम्लता आणखी उतरते.

नुसते टोमॅटो बरणीत भरताना अर्ध्या लिटरच्या बरणीमागे एक मोठा चमचा बाटलीतला लिंबूरस किंवा पाव चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घालतात, आणि मग बरणी ठरलेल्या वेळेपर्यंत उकळत्या पाण्यात ठेवतात. बाटलीतलाच रस, कारण ताज्या लिंबांची आम्लता कमीजास्त असते. हे प्रमाण नुसत्या टोमॅटोसाठी आहे. प्रश्न ३ मधल्या सॉसला ते लावू नका, तो फ्रीजरमध्येच ठेवा. लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवण्यातही हाच धोका आहे.

२५. डब्याला पोचा आला आहे. वापरू का?

लहानसा पोचा, तोही कडेच्या शिवणीवर नसेल, तर चालतो. डबा फुगलेला, गळका किंवा शिवणीवर खोल दबलेला असेल तर फेका. उघडताना आतलं जोराने उडालं तरीही फेका, चाखून पाहू नका. उघडलेल्या डब्यात उरलेले टोमॅटो तसेच ठेवू नका, दुसऱ्या भांड्यात काढा.

२६. प्लास्टिकचा डबा लाल झाला, घासून निघत नाही.

लायकोपिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने डाग हलत नाही. डब्याला आतून तेल चोळा, कोरड्या कागदाने पुसा, मग साबणाने धुवा. उरलेली लाली कडक उन्हात ठेवल्यावर फिकी पडते. पुढच्या वेळी सॉस गार झाल्यावरच प्लास्टिकमध्ये भरा आणि त्यातच मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, डाग बसतो तो मुख्यतः तेव्हा.